काजाची बखर

इतिहास म्हटला की आपल्याकडे तलवार लागते. ती नसेल तर निदान किल्ला, तोही नसेल तर एखादा तह. आमच्या शहरात या मालाला तोटा नाही. इथे रस्ता विचारला तरी उत्तरात एखादा दरवाजा येतो आणि दरवाजाच्या मागून एखादा सुभेदार. 1610 मध्ये मलिक अंबराने खडकी वसवली, तिचे पुढे फतेहनगर झाले, 1653 च्या सुमारास औरंगजेबाने औरंगाबाद केले आणि 2023 पासून सरकारी पाटीवर छत्रपती संभाजीनगर आले. या साऱ्या धामधुमीत लोकांचे कपडे लोकांच्या अंगावर कशाच्या आधाराने राहिले, हे मात्र शाळेच्या पुस्तकात कुठे नाही. लढाईत कोण पडला ते लिहिलेले असते. लढाईत कुणाचा पायजमा पडला नाही आणि तो का पडला नाही, याची नोंद कोण ठेवणार?

तेव्हा ही बखर भोकाची आहे. दचकू नका. साधे भोक नव्हे. साधे भोक म्हणजे नुकसान. उंदराने पाडलेले, उदबत्तीने पडलेले, सायकलच्या साखळीने बहाल केलेले. मी म्हणतो ते मुद्दाम पाडलेले आणि पाडल्यावर चारी बाजूंनी नीट बांधून काढलेले भोक. सदऱ्याचे काज, बुटाच्या नाडीची रिंग, ताडपत्रीला दोरी घालायची पितळी कडी, ही सारी त्याच घराण्यातली. खड्डा आणि विहीर यांत जो फरक, तोच त्या भोकात आणि या भोकात. विहिरीला कठडा असतो.

या घराण्याची वंशावळ फार मागे जाते. आर्मेनियातल्या एका गुहेत 2008 साली चामड्याचा एक जोडा सापडला. जोडा म्हणजे एकच पाय. दुसरा कुठे गेला हा प्रश्न आमच्या घरीही रोज सकाळी पडतो. हा पाय साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा निघाला. गाईच्या कातड्याचा एकच तुकडा पायाभोवती गुंडाळून, त्याला भोके पाडून, त्यांतून चामड्याची वादी ओवून तो आवळलेला आहे. आत गवत भरलेले होते. माप म्हणाल तर साधारण सदतीस नंबर. म्हणजे आजही दुकानात बसून "जरा पुढं चावतोय हो" असं म्हणता येईल असा तो जोडा आहे. माणसाला लिहिता येण्याआधी नाडी ओवता येत होती, हे त्यावरून कळते. आमच्या धाकट्याच्या बाबतीत क्रम उलटा लागला.

आपल्या पूर्वजांनी मात्र या बाबतीत थोर शहाणपणा दाखवला. त्यांनी भोकाचा प्रश्न सोडवला नाही. तो निर्माणच होऊ दिला नाही. धोतर, लुगडे, उपरणे, पागोटे, यांत आहे का कुठे एक तरी भोक? नेसायचे, खोचायचे, गुंडाळायचे, फार तर एक गाठ मारायची. अजिंठ्याच्या लेण्यांत मी या दृष्टीने फिरलो आहे. लोक तिथे पद्मपाणीच्या चेहऱ्यावरची करुणा बघतात, मी त्याच्या कमरेपाशी बारकाईने पाहत होतो. पहारेकऱ्याने माझ्याकडे दोनदा संशयाने पाहिले. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात महाजनकाच्या कथेत एक नर्तकी आहे, तिच्या अंगात चक्क शिवलेली, लांब बाह्यांची चोळी आहे. छतावर परदेशी पाहुणे आहेत, त्यांच्या पायांत पट्ट्यापट्ट्यांचे मोजे आहेत. म्हणजे सुई होती, दोरा होता, शिवणारा होता. पण समोर बटण लावून काज भरायची कल्पना त्या अख्ख्या डोंगरात मला तरी कुठे आढळली नाही.

पुढे शिवलेले कपडे वाढले तरी आपण बंदांवरच भागवले. बाराबंदी हे नावच बघा. बारा बंद! सकाळी उठून माणसाने बारा गाठी मारायच्या, रात्री बारा सोडायच्या, आणि मधल्या वेळात स्वराज्य स्थापन करायचे. सोलापूरला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारी मंडळी अजूनही पांढरीशुभ्र बाराबंदी घालतात. त्यांच्याकडे बघून एक गोष्ट ध्यानात येते. बंद तुटला तर माणूस दुसरी चिंधी शिवतो. बटण तुटले तर तो बायकोला हाक मारतो. संसारातल्या कुरबुरींचा मोठा भाग बटणाबरोबर आला असला पाहिजे.

बंदांनाही राजकारण होते. अबुल फज्लने 'ऐन-इ-अकबरी'त लिहून ठेवले आहे की तकौचिया नावाचा हिंदुस्थानी पद्धतीचा अंगरखा पूर्वी डाव्या बाजूला बांधत, बादशहाने तो उजव्या बाजूला बांधायचा हुकूम केला. साम्राज्याचा कारभार पाहता पाहता या गृहस्थाचे लक्ष प्रजेच्या काखेकडेही होते. मुसलमान उजवीकडे बांधणार, हिंदू डावीकडे, असा तो रिवाज पुढेही चालला. जुनी चित्रे पाहताना तज्ज्ञ लोक माणसाची जातकुळी या गाठीवरून ओळखतात. हसू नका. तुमच्या शर्टाची काजे डाव्या पट्टीवर आहेत आणि सौभाग्यवतींच्या ब्लाउजची उजवीकडे, हा रिवाज आपण बिनतक्रार पाळतोच ना? कुणी विचारले का आजवर, असे का म्हणून?

आता आमच्या गावाकडे येतो. 1682 च्या मार्चमध्ये औरंगजेब इथे आला. त्यानंतरची पंचवीस वर्षे हा माणूस बहुतांशी तंबूत राहिला. दिल्लीत लाल किल्ला, आग्र्यात लाल किल्ला, आणि मालक कनातीत. मराठ्यांनी त्याला काय दिले नाही याची यादी इतिहासात आहे. काय दिले याचे एकच उत्तर आहे, दोरखंड आणि खुंट्या. तंबू म्हणजे तरी काय हो? कापड आणि भोके. कापड मोठे दिसते, पण वारा सुटला की सगळा भार त्या भोकांच्या कडेवर येतो. कड उसवली की दरबार उसवला.

या तंबूंच्या सरंजामाचा हिशेब अकबराच्या काळापासून लिहिलेला आहे. एका शाही मुक्कामाचे सामान वाहायला 100 हत्ती, 500 उंट, 400 गाड्या. तंबू ठोकायला 1000 फर्राश. शिवाय 500 बेलदार, 100 पाणके, सुतार, तंबू शिवणारे, मशालजी असे मिळून 50, झाडूवाले 150. आणि या यादीत हळूच एक आकडा आहे: चामड्याचे काम करणारे 30. बादशहाच्या डेऱ्याभोवती जी लाकडी जाळीची भिंत उभी राहायची, तिच्या फळ्या चामड्याच्या वाद्यांनी एकमेकींना बांधलेल्या असत. म्हणजे हिंदुस्थानचा तख्तनशीन रोज रात्री निर्धास्त झोपत होता तो तीस माणसांच्या आरीवर भरवसा ठेवून. मनसबदारांची नावे आपल्याला पाठ करायला लावली. त्या तिसांतल्या एकाचेही नाव तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही.

1695 मध्ये जेमेली करेरी नावाचा इटालियन प्रवासी कृष्णाकाठच्या गलगल्याला या छावणीत जाऊन आला. छावणीचा घेर तीस मैलांचा, असे तो लिहितो. तीस मैल कापड! त्याने म्हाताऱ्या बादशहालाही पाहिले आणि त्याचा पांढरा अंगरखा उजव्या बाजूला बांधलेला आहे हे टिपले. म्हणजे पणजोबांचा हुकूम पणतू पाळत होता. बाकी फारसे काही पणजोबांचे पाळत नव्हता, ते असो.

शेवटी 1707 मध्ये अहमदनगरजवळ, म्हणजे आजच्या अहिल्यानगरजवळ, भिंगारला त्याच छावणीत तो वारला आणि आमच्याकडे खुलताबादला त्याला पुरले. त्याच्या नावावर जे मृत्युपत्र सांगतात त्यात एक कलम असे आहे की, टोप्या शिवून मिळवलेले चार रुपये दोन आणे शिल्लक आहेत, ते कफनाला वापरावे. आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांची राज्ये उसवली तो फावल्या वेळात टोपी शिवत बसे! सुई हातात धरलेला माणूस मला एरवी परका वाटत नाही. पण या एका बाबतीत मी माझे मत राखून ठेवतो.

आता मुख्य नायक, काज. हा शब्द दिसायला अगदी आपला. कामकाज, राजकाज, त्यातलाच वाटतो. पण ते काज संस्कृत कार्यापासून आले आणि शिंप्याचे काज आले पोर्तुगीजांच्या गलबतातून. पोर्तुगीज भाषेत 'काझा' म्हणजे घर. बटणाच्या भोकाला ते लोक बटणाचे घर म्हणतात. काय सुरेख कल्पना आहे! दिवसभर बटण घरात, रात्री बाहेर. आपल्या पुरुषवर्गाच्या नेमके उलट. बूट-शर्टांच्या गावातले आणखीही पाहुणे त्याच वाटेने आले. फीत त्यांची, इस्तरी त्यांची. कोकणीतले बुतांव तर सरळ त्यांचेच बटण. चावी, तिजोरी, बिजागरी, पाव, बटाटा हेही त्याच गलबतातले. गोव्यात धर्मासाठी त्यांनी काय काय केले ते करोत, पण सकाळी कपडे करून, न्याहारी आटोपून, घराला कुलूप लावेपर्यंत मराठी माणूस निम्मा पोर्तुगीज बोलतो हे कबूल केले पाहिजे.

धातूच्या रिंगेची कथा याहून गमतीची. बुटाला, तंबूला, शिडाला पूर्वी सुताने किंवा दोराने कड बांधत. कापडात आरीने भोक पाडायचे, तेही धागे न तोडता नुसते बाजूला सारून, आणि मग भोवती टाके घालायचे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडात भोकांना पितळेची कड बसू लागली. ही अक्कल कुणा सेनापतीला सुचली असेल असे वाटते ना? छे! गरज पडली ती बायकांच्या कंबरपट्ट्यांना. मड्डमिणींच्या कंबरा आवळता आवळता सुताच्या कडा फाटू लागल्या, म्हणून धातू आला. सैनिकांच्या बुटांना तो नंतर मिळाला. आमच्या छावणीत जे बूट आपटत गेले त्यांच्या पितळी रिंगा अशा रीतीने मूळच्या मड्डमिणींच्या ऋणी.

निजामाच्या राज्यात आमचे गाव 1948 च्या सप्टेंबरपर्यंत होते. कचेरीत जायचे तर शेरवानी. आमचे आजोबा कारकून होते आणि मराठीत रागवत, उर्दूत अर्ज करत. त्यांच्या काळ्या शेरवानीला चांदीची सात बटणे होती. ही बटणे शिवलेली नसत. शेरवानीला गोल गोल काजे भरलेली, त्यांतून बटणाची दांडी आत घालायची आणि मागून बारीक कडी अडकवायची. धुवायला टाकताना बटणे काढून घ्यायची, कारण दगडावर आपटताना धोबी चांदी आणि चिंच यांत फरक करत नाही. एखादी कडी हरवली की घरात जप्ती आल्यासारखी झडती होई. सात बटणे नीट चढली की आजोबांची मान आपोआप ताठ व्हायची. निजाम सरकारचा रुबाब म्हणतात त्यातला निम्मा त्या काजांचा होता. काजे सैल असती तर माणूस वाकून सलाम करतानाच उघडा पडला असता.

ती काजे कुणी भरली होती? इथे मला मावशींबद्दल सांगितले पाहिजे.

औरंगपुऱ्याच्या मागे आमच्या गल्लीत एक बाई राहत. त्या कुणाच्या मावशी होत्या ते ठाऊक नाही. सगळ्या गल्लीच्या होत्या. यजमान लवकर गेले, पदरात दोन मुलगे. गुलमंडीच्या शिंप्यांकडून सदऱ्यांचे गठ्ठे आणायच्या आणि काज-बटण करून द्यायच्या. सदऱ्याला कॉलरवर एक, समोर पाच, बाह्यांना दोन. दुपारी ओसरीवर उजेडाकडे तोंड करून बसायच्या. दोरा मेणाच्या तुकड्यावरून ओढायचा. खडूच्या खुणेवर कात्रीने एकच चीर द्यायची. चिरेच्या कडेने एक दोरा आधाराला टाकायचा आणि त्यावर काजटाका भरत जायचे, प्रत्येक टाक्याला बारीक गाठ, गाठीला गाठ लागून, मुंग्यांची रांग जशी. दोन्ही टोकांना आडवे टाके, म्हणजे काज फाटत नाही. समोरची काजे उभी, कॉलरचे तेवढे आडवे. मी एकदा विचारले, असं का? तर म्हणाल्या, "अरे, गळ्याला ओढ आडवी बसते. ओढ जिकडची तिकडं थोडी जागा ठेवावी लागते." त्या टाके घालत राहिल्या.

शिंप्याशी त्यांचे संवाद ऐकण्यासारखे असत. गुलमंडीतला एक म्हातारा मास्तर सगळा कारभार दखनीत करी.

"मावशी, गुस्सा नक्को करो, पर इत्ते बारीक टाके कायको? गिऱ्हाईक उलटा करके देखता क्या?"

"गिऱ्हाईक नाही बघत, मास्तर. धोबी बघतो."

यावर मास्तरकडे उत्तर नसे. आणि बारीक कामाचा कपडा आला की तोच मास्तर पोराला पिटाळी, "जा रे, इसको काज मावशीकाच होना."

पैसे किती मिळत ते मी सांगत नाही. सांगितले तर आजच्या मुलांना तो टंकनदोष वाटेल. एवढे खरे की त्या काजांतून दोन मुलांची फी ओवली गेली. थोरला मॅट्रिक झाला त्या दिवशी मावशींनी पेढे वाटले आणि संध्याकाळी दिवा लावून राहिलेला गठ्ठा पुरा केला.

मग मशीन आले. तसे ते जगात केव्हाच आले होते. अमेरिकेत जॉन रीस याने काज भरायच्या यंत्राचे पेटंट 1881 मध्येच घेतले होते. आमच्या गल्लीपर्यंत पोचायला त्याला नव्वदएक वर्षे लागली. पत्र्याच्या एका टपरीत एक पोरगा ते घेऊन बसला. मावशींच्या हाताचे काज आधी कापायचे, मग भरायचे. त्याच्या यंत्राचे आधी भरायचे, मग मधे पाते मारायचे. खर्र खर्र आवाज व्हायचा आणि मावशींचे पाव तासाचे काम एका शिंकेच्या वेळात व्हायचे. शिंप्यांचे गठ्ठे तिकडे वळले. त्यांची चूक म्हणता येत नाही. टपरीवाल्या पोरालाही घर होतेच. मावशी एकदा तिथे जाऊन उभ्या राहिल्या. त्याने भरलेले एक काज उलटे करून बघितले, आत सुताचे केस निघालेले दिसले. "हं" एवढेच म्हणाल्या आणि परत आल्या.

त्यानंतर त्यांच्याकडे यायच्या त्या शेरवान्या, म्हाताऱ्यांचे जुने कोट, एखादी हिमरूची जॅकेट. आजोबा गेल्यावर वडिलांनी त्यांची शेरवानी मावशींकडे दिली. एका काजाची कड झिजली होती. मावशींनी ती मांडीवर घेतली, चष्मा कपाळावर ढकलला, काज डोळ्यांजवळ नेले आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे बाईमाणसाचं काम आहे."

वडील म्हणाले, "छे हो, शहागंजात मोठ्या मास्तरकडं शिवली होती. नावाजलेला माणूस!"

"शिवली त्यानं असंल. काजं घरी धाडली त्यानं. गाठ बघा कुठं लपवलीये. लपवायची सवय कुणाला असते?"

सहा काजांना त्यांनी हात लावला नाही. सातवे भरले, आणि मला आज ते इतरांतून वेगळे काढता येत नाही. नीट पाहिले तर झिजलेले कुठले ते कदाचित कळेल, पण तसे पाहायला त्यांच्याएवढा उजेड लागेल.

मावशी जाऊन बरीच वर्षे झाली. शेरवानी ट्रंकेत आहे, चांदीची सात बटणे काड्याच्या पेटीत. गेल्या वर्षी पुतण्याचे लग्न निघाले. नवरदेवाला शेरवानी हवी होती. आजोबांची त्याच्या दंडालाच अडली. निजामाच्या काळात कारकुनांना जिममध्ये पाठवीत नसत. तेव्हा भाड्याने आणली. बदामी, भरजरी, नवरदेवापेक्षा वजनदार. वडीलभाऊ हळवे होऊन म्हणाले, निदान आजोबांची बटणे तरी हिला लावू. मी काड्याची पेटी घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने शेरवानी काउंटरवर पसरली. तिला समोर नऊ बटणे होती आणि नऊही नुसती वरून टाचलेली. एकाखालीही काज नाही. आत वरपासून खालपर्यंत चेन.

मी म्हटले, "सात काजं भरून द्या. हाताची. जे होतील ते पैसे देतो."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग समजुतीने म्हणाला, "काका, भोक पाडलं तर डिपॉझिट जाईल."

शेवटी मुहूर्ताच्या वेळी ती बटणे नवरदेवाच्या खिशात ठेवू असे ठरले. खिसाही नुसता वरून शिवलेला निघाला, म्हणून ती माझ्याकडे होती.